युनियनच्या मागणीपत्रात आपली शाळा कुठे असते?

पाटीपुस्तक

मार्च २०२३ मधला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप आठवत असेल. १४ तारखेला सुरू झाला, २० तारखेला मागे घेतला. घोषणा एकच, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. तिकडे दहावी-बारावीच्या परीक्षा चालू, सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. मी युनियनवाला माणूस, एका महापालिकेतल्या कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी. जन्मभर नोकरी केलेल्याला म्हातारपणी खात्रीची रक्कम मिळावी, यात मला काहीही गैर वाटत नाही. पण त्या दिवसांत लोक जे बोलत होते तेही मला खोटं ठरवता येईना. सगळ्यांचा सूर एकच, 'यांच्या संपात आमचं काय?'

आता दुसरीकडची गोष्ट. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिकागोचे शिक्षक शाळेचे अकरा दिवस संपावर होते. पाच वर्षांत १६ टक्के पगारवाढ महापौरांनी संपाआधीच देऊ केली होती. शेवटी करार झाला तोही १६ टक्क्यांवरच. मग अकरा दिवस भांडले कशासाठी? प्रत्येक शाळेत रोज एक नर्स आणि एक समाजसेवक असावा आणि वर्गात मुलं कोंबू नयेत, यासाठी. तोवर एकेक नर्स अनेक शाळांत वाटलेली असायची. मुलाला दम्याचा झटका नर्सच्या वारीच आला तर ठीक. नर्स द्यायला महापौरांची तत्त्वतः ना नव्हती. पण त्या म्हणत, आमचं धोरण जाहीर आहे, करारात कशाला लिहायचं? युनियन म्हणाली, करारातच हवं. शेवटी ते लिहून घेतलं, टप्प्याटप्प्याने कराराच्या मुदतीत पूर्ण करायचं या अटीवर. त्याच्या नऊ महिने आधी, जानेवारी २०१९ मध्ये, लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी सहा दिवसांच्या संपात शाळेला पूर्णवेळ नर्स आणि माध्यमिक शाळांना ग्रंथपाल मिळवले होते.

मी अनेक वाटाघाटींना बसलो आहे, त्यामुळे मागणीपत्र कसं बनतं ते मला माहीत आहे. शाखा-शाखांतून मागण्या येतात, भलीमोठी यादी होते. प्रस्तावनेत 'नागरिकांना दर्जेदार सेवा मिळाव्यात म्हणून' असं एक वाक्य हमखास असतं. मग बैठक लागते, रात्र चढते, साहेब म्हणतात 'आता मुद्द्याच्या दोन-तीन गोष्टी बोला'. तेव्हा सगळ्यात आधी गळतात त्या सेवेच्या दर्जाच्या मागण्या. टेबलाच्या दोन्ही बाजूंना कुणालाच त्याचं दुःख नसतं. म्हणून युनियन खरंच लोकांसाठी भांडते का, हे मी तिच्या पत्रकावरून ठरवत नाही. शेवटच्या रात्री तिने काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, ते विचारतो.

तर प्रश्न असा: शाळेची सुरक्षितता, पाणी, सफाई, बस या गोष्टी आपल्याकडच्या युनियननी शेवटच्या रात्रीपर्यंत धरून ठेवाव्यात, असं होऊ शकतं का? अडतं कुठे?

करदाता_एक

अडतं ते सभासदांच्या इच्छेत. स्पष्ट बोलतो, राग नसावा. युनियन हा सभासदांचा धंदा आहे. वर्गणी सभासद देतो, मी नाही. बायोमेट्रिक हजेरी आली की विरोध. बदल्यांचं धोरण आलं की विरोध. शिक्षकांनी मुख्यालयी राहावं म्हटलं की घरभाड्यावरून कोर्टकचेरी. शाळेत नर्स हवी म्हणून आपल्याकडे कुणी एक दिवस काळी फीत तरी लावली आहे का?

शिकागोचं उदाहरण छान आहे, पण अकरा दिवस मुलं घरी होती, त्याचा हिशेब कुठे?

पाटीपुस्तक

हिशेब आहे. करार झाल्यावरही बुडालेल्या दिवसांपैकी किती भरून काढायचे यावर घासाघीस झाली आणि पाचच दिवस भरून काढायचं ठरलं. पालकांचं नुकसान झालंच. ते मी झाकत नाही.

मुख्यालयाचा मुद्दा तुमच्या बाजूने आहे, मान्य. बायोमेट्रिकवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

काळाकोट

'इच्छा' हे अर्धंच उत्तर आहे. युनियनने काय मागावं हे बऱ्याच अंशी कायदा ठरवतो, ती बाजू इथे कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

शिकागोचंच घ्या. १९९५ च्या कायद्याने तिथल्या शिक्षक युनियनला वर्गातल्या मुलांची संख्या, खासगीकरण असल्या विषयांवर वाटाघाटीचा हक्क उरला नव्हता. प्रशासनाची मर्जी असेल तर बोलायचं, पण त्यावरून संप करायचा नाही. संप करायचा तर पगारावर. म्हणजे जे लोक 'तुम्ही फक्त पगाराचं बोलता' म्हणून नावं ठेवत होते, त्यांच्याच कायद्याने दुसरं काही बोलायची सोय ठेवली नव्हती. हे बंधन २०२१ मध्ये उठलं, म्हणजे २०१९ चा संपही कागदावर पगारावरूनच होता.

आता आपल्याकडे या. ए. सुंदरंबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार' नाही. शाळा उद्योग ठरली तरी शिक्षक कामगार ठरत नाही. २००३ मध्ये टी. के. रंगराजन खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक, कसलाच हक्क नसल्याचं म्हटलं. सफाई कामगारांचं वेगळं; सार्वजनिक सफाई ही जुन्या कायद्यातही लोकोपयोगी सेवा होती आणि आधी नोटीस देऊनच संप करता यायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यावर १४ दिवसांच्या नोटिशीचं बंधन सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आलं. वर राज्याकडे मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा, आहेच. २०१८ मध्ये तर अंगणवाडी सेविकांनाही मेस्मा लावला होता, ओरड झाल्यावर स्थगिती दिली. मानधनावरची स्वयंसेविका म्हणायचं आणि अत्यावश्यक सेवाही म्हणायचं, ही गंमत बघा.

एक दार मात्र उघडं आहे. जुलै २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली, ९४ मुलं गेली. स्वयंपाकघरातून आग शाकारलेल्या छपरावर गेली आणि बाहेर पडायची वाट अरुंद होती. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. शिक्षक संघटनेने इमारतीच्या अग्निसुरक्षेची मागणी केली तर ती 'सेवाशर्तींबाहेरची' म्हणून उडवून लावणं त्यामुळे अवघड आहे. पण तसं मागणीपत्र माझ्याकडे अजून कुणी घेऊन आलेलं नाही. बदली, वरिष्ठ वेतनश्रेणी, निलंबन, यातच दिवस जातो.

जुनाकारकून

मी एका अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक. शाळेचं नाव सांगत नाही, गरजही नाही, कारण हे कुठल्याही अनुदानित शाळेत दिसेल.

शाळेची सुरक्षितता म्हटलं की लोकांना कॅमेरा दिसतो. मला शिपाई दिसतो. ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय काढून वाचा. अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं, म्हणजे शिपाई, पहारेकरी, सफाईगार वगैरे, माणूस निवृत्त झाला की पद संपलं. त्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता': मुंबईत महिना १०,००० रुपये, इतर शहरी भागात ७,५०० आणि ग्रामीण भागात ५,०००. त्यात शाळेने माणूस बघायचा. पाच हजारांत पूर्णवेळ माणूस कोण येतो ते तुम्हीच सांगा. येतो तो दुसरीकडे रात्रपाळी करून, किंवा वर्षभरात निघून जातो. त्याचं नाव हजेरीपटावर नाही, सेवापुस्तक नाही, चारित्र्य पडताळणीचा कागद संस्थेच्या कपाटात असेल तर असेल.

आमच्याकडे आधीचे शिपाईमामा होते तेव्हा कुठला मुलगा कुणाबरोबर घरी जातो हे त्यांना तोंडपाठ असायचं. आईवडिलांचं भांडण कोर्टात असलेली एक मुलगी होती. तिचे काका म्हणून कुणीतरी मधल्या सुट्टीत आले, तर मामांनी त्यांना फाटकाबाहेर उभं केलं आणि मुख्याध्यापकांना बोलावून आणलं. आज मधल्या सुट्टीत फाटकावर मी असतो, आणि त्याच वेळी ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख असते. घंटा मी देतो. टपाल मी नेतो. मुलींचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, तिकडे शाळेच्या वेळात कोण जातं-येतं हे पाहणारं कुणी नाही. कॅमेरा आहे. त्याचा पडदा मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे आणि मुख्याध्यापक वर्गावर असतात, कारण शिक्षकांची पदंही रिकामी.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला जे झालं त्यात आरोपी होता कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी. लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शासन निर्णय निघाला: महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी, तक्रारपेटी, समित्या. सगळं योग्यच आहे. फक्त त्या समित्यांची इतिवृत्तं लिहायला, पेटी उघडायला आणि पडद्याकडे बघायला माणूस कुठला, हे त्यात नव्हतं.

आता करदाता_एक यांच्या प्रश्नाचं उत्तर. शिक्षकेतर संघटनांनी या शिपाई भत्त्याला पहिल्या दिवसापासून विरोध केला. निवेदनं, धरणं, सगळं झालं. पण वर्तमानपत्रात ते 'शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रलंबित मागण्या' या मथळ्याखाली आतल्या पानावर आलं. 'तुमच्या मुलीच्या शाळेचं फाटक रिकामं होणार आहे' असं कुणी लिहिलं नाही. आमच्या नेत्यांनीही तसं सांगितलं नाही. ते म्हणाले 'आकृतिबंध लागू करा'. आकृतिबंध म्हणजे शाळेत कुठली किती पदं असावीत त्याचा तक्ता, पण हे कुठल्या पालकाला कळणार?

सावळागोंधळ

जुनाकारकून यांना +१००.

आकृतिबंध हा शब्द ऐकून मला इतकी वर्षं भूमितीचं काहीतरी वाटायचं.

खडूफळा

जि. प. शाळेत शिक्षिका आहे. वरच्या प्रतिसादातली शेवटची दोन-तीन वाक्यं प्रत्येक संघटनेच्या कार्यालयात लावायला हवीत.

२५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरातल्या प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली होती. बातमी आली, 'शिक्षक रजेवर, शाळा बंद'. मागणी काय होती? १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा) निर्णय आणि कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा निर्णय मागे घ्या. यात आमची नोकरी आहे, नाही कशाला म्हणू? पण त्यात मुलंही आहेत. दोन शिक्षकी शाळेत एक जण बैठकीला किंवा बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला गेला की दुसऱ्याकडे पहिली ते चौथी. मी एका वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी असते तेव्हा उरलेले तीन वर्ग कुणाच्या नजरेत असतात? मुलगा पडला, डोकं फुटलं, तर त्याला दवाखान्यात मी न्यायचं की बाकीच्या मुलांपाशी थांबायचं?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. आमच्याकडे येणाऱ्या ऑनलाइन माहितीच्या तक्त्यांना कलम २७ माहीत नाही.

करदाता_एक

जुनाकारकून आणि खडूफळा, तुमच्याशी मला भांडताच येत नाही. पण मग सामूहिक रजेच्या दिवशी पालक तुमच्याबरोबर रस्त्यावर का नव्हते, याचं उत्तर द्या. सरकारने नाही, तुम्ही.

खडूफळा

खरं सांगायचं तर त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पालकांशी बोलायचं हे संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या शाळा बंद राहील' एवढा निरोप गेला.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते. इथली एक गोष्ट सांगते, ती संपाची नाही.

१९७७ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त युनियनला शाळेत स्वतःचा सुरक्षा प्रतिनिधी नेमता येतो. हे नियम सगळ्याच कामाच्या जागांना आहेत, शाळा त्यात आली. हा प्रतिनिधी दर तीन महिन्यांनी इमारतीची पाहणी करू शकतो, अपघात झाला तर लगेच करू शकतो, कागदपत्रं मागू शकतो. हे काम आणि त्याचं प्रशिक्षण नोकरीच्या वेळात, पगारी. दोन प्रतिनिधींनी लेखी मागणी केली की मालकाला सुरक्षा समिती बनवावीच लागते. आमच्या शाळेतली प्रतिनिधी विज्ञान प्रयोगशाळेतली सहायक आहे. ती वही घेऊन फिरते: जिन्यातला दिवा बंद, आगीच्या वेळच्या दारासमोर बाकांची चळत, छताच्या एका फरशीवर ओल. मुख्याध्यापकांना प्रत देते आणि पुढच्या फेरीत मागच्या नोंदी वाचून दाखवते. त्यांना ती आवडते असं नाही!

आता हे सगळं असूनही काय झालं तेही सांगते. इथल्या अनेक जुन्या शाळांचं छत एका हलक्या, बुडबुड्यांच्या काँक्रीटचं आहे, 'राक' म्हणतात. जुलै २०१८ मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छत कोसळलं, शनिवार-रविवार होता म्हणून मुलं वाचली. युनियन मागे लागल्या होत्या की कुठल्या शाळांत हे काँक्रीट आहे ती यादी जाहीर करा. शेवटी ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायच्या तोंडावर, शंभराहून जास्त शाळांना सांगितलं की इमारतींचे धोक्याचे भाग बंद करा. म्हणजे तळाला पाहणी करणारी माणसं असली तरी दुरुस्तीचा पैसा वरून न आल्यास वही भरत जाते, छत तसंच राहतं.

तरी मला ती वही हवीच आहे. नंतर 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय राहत नाही.

काळाकोट

'नंतर कल्पना नव्हती म्हणायची सोय राहत नाही', ही वकिलाच्या कामाची गोष्ट. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या शाळेचं छत पडून सात मुलं गेली. अशा प्रत्येक घटनेनंतर पहिला वाद हाच असतो, कुणी कुणाला कधी सांगितलं होतं. तारीख आणि पोच असलेला एक साधा अर्ज तिथे फार मोलाचा ठरतो. शिक्षक एकट्याने अर्ज द्यायला घाबरतो, उद्या त्याचीच चौकशी लागेल म्हणून. संघटनेच्या नावाने गेला तर एकट्याची मान अडकत नाही. संघटना असते कशासाठी मग?

निशिगंध

सगळे शिक्षक आणि सरकारी नोकरांचंच बोलताय. मला पुण्याचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात पगार देणारा मालकच नव्हता.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची युनियन १९९३ मध्ये सुरू झाली, बाबा आढाव वगैरे मंडळींच्या पुढाकाराने. बहुतेक सभासद बायका, दलित समाजातल्या. त्यांची पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखपत्राची होती. ओळखपत्र नसलं की पोलीस चोर समजून धरायचे. ते महापालिकेने मान्य केलं. पुढे त्यांनीच म्हटलं, कचराकुंडीत हात घालण्यापेक्षा घराच्या दारातूनच ओला-सुका वेगळा कचरा आम्ही घेतो. त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली.

मला त्यांची सॅनिटरी पॅडची मोहीम फार आवडते. वापरलेले पॅड आणि डायपर उघडेच कचऱ्यात यायचे, वर्गीकरण बायका हाताने करायच्या. २०१३ मध्ये त्यांनी ते गोळा केले आणि बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवून दिले: तुमचा माल, तुम्ही बघा. नंतर 'लाल ठिपका' मोहीम काढली, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळा द्या. मागणी सभासदाच्या हाताच्या त्वचेपासून सुरू झाली, आणि शहराचा कचरा वेगळा व्हायला लागला.

यात पाटीपुस्तक यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. 'नागरिकांना दर्जेदार सेवा' असं वरून चिकटवलं तर ते रात्री अकराला गळणारच. कामाच्या जागी सभासदाला जे टोचतं आणि नागरिकालाही जे टोचतं, ते नेमकं शोधून मागितलं तर ते सोडायला सभासदच तयार होत नाहीत.

पाटीपुस्तक

निशिगंध, हे मी आमच्या कार्यकारिणीत वाचून दाखवणार आहे.

यात मुंबईची भर घालतो. कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगार कायम झाले. लोकांना ही फक्त नोकरीची लढाई वाटते. पण ठेकेदार बदलला की कामगार बदलतात, गल्लीची माहिती असलेला माणूस जातो, हातमोजे-बूट कुणी द्यायचे यावर टोलवाटोलवी होते आणि कचरा पडून राहतो. जुनाकारकून यांच्या फाटकाचीच गोष्ट आहे ही.

करदाता_एक

एक उलटं उदाहरण देतो, कारण 'लेखी घेतलं की झालं' असा सूर लागलाय.

जानेवारी २०१९, मुंबईत बेस्टचा संप, नऊ दिवस. मागण्यांत एक होती: बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. म्हणजे बस ही नफातोट्याची बाब न मानता पाणी-रस्त्यासारखी सेवा माना. मला ही मागणी पूर्ण पटते, हे आधीच सांगतो. त्याच वर्षी जूनमध्ये युनियनशी करार झाला: भाडेतत्त्वावरच्या बस येऊ देऊ, पण बेस्ट स्वतःच्या ३,३३७ बस राखेल. जुलैत किमान भाडं ५ रुपयांवर आलं, प्रवासी खूश. आज बेस्टच्या स्वतःच्या बस एक हजाराच्याही खाली आहेत. आकडा करारात होता, कागदावर सह्या होत्या. काय उपयोग झाला? थांब्यावर उभं राहून विचारा.

पाटीपुस्तक

हे लागलं. खरं आहे.

माझ्या मते कारण असं: त्या करारात दोनच पक्ष होते, प्रशासन आणि युनियन. ३,३३७ चे ३,००० झाले तेव्हा ओरडायचा हक्क कागदावर फक्त युनियनला होता, आणि तोवर बऱ्याच चालक-वाहकांचा मालक ठेकेदार झालेला. प्रवासी त्या कागदावर कुठेच नव्हता. त्याला हा आकडा माहीत असता, दर महिन्याला डेपोच्या फलकावर 'मान्य ३,३३७, प्रत्यक्ष अमुक' असं लागलं असतं, तर तो घसरायला इतका सोपा गेला नसता. शिकागोतही नर्सचं कलम करारात आल्यावर पदं भरायला झगडावं लागलंच. पण तिथे पालकांना कलम पाठ होतं.

शाळेची_आई

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून लिहिते. कायद्याने समितीत पाऊण सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, शाळा विकास आराखडा समितीने करायचा. कागदावर आम्ही मालक! प्रत्यक्षात सह्या करायला वही घरी येते. आणि अनुदानित शाळांत तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर समिती नुसती सल्ला देणारी.

मला युनियनबद्दल काहीच माहीत नव्हतं. आमच्या शाळेतल्या मॅडमची कुठली संघटना आहे, ती काय मागते, कधी विचारलंही नाही. जुनाकारकून यांनी लिहिलेला शिपाई भत्ता मला आज इथे कळला. आम्ही समितीत तीनदा 'फाटकावर माणूस ठेवा' असा ठराव केला आणि मुख्याध्यापक दर वेळी 'वरून पद नाही' म्हणाले. पद का नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. संघटनेला कारण माहीत होतं आणि आमच्याकडे ठराव होता. दोघे एकाच इमारतीत, आणि भेट इथे होतेय.

एक शंका मात्र आहे. शिक्षकाविरुद्धच तक्रार असेल तर? मारहाण, वाईट वागणूक. तेव्हा संघटना शिक्षकाच्या बाजूने उभी राहते, हे आम्ही पाहिलंय. मग 'सुरक्षित शाळा' म्हणताना आम्ही विश्वास कसा ठेवायचा?

खडूफळा

प्रश्न बरोबर आहे आणि अवघड आहे. सभासदाची बाजू ऐकून घेतली जावी हे संघटनेचं काम आहेच, खोट्या तक्रारीही होतात. पण मुलाच्या तक्रारीची चौकशी होऊच नये म्हणून दबाव आणणं हे संघटनेचं काम नाही. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, तर गुन्ह्याची माहिती असूनही कळवली नाही तर तो स्वतःच गुन्हा आहे. आमच्या तालुका शाखेत मी हे बोलले तेव्हा काही चेहरे पडले. तरी बोलत राहणार.

अर्धविराम

अंगणवाडीताईंचा उल्लेख वर मेस्मापुरता आलाय, म्हणून थोडं. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. बाहेरून बघणारे म्हणाले, कामचुकारपणा. फोन जुने, सारखे अडकणारे, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी, आणि 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप इंग्रजीत. मुलाचं वजन चुकीच्या रकान्यात गेलं तर कुपोषित मूल यादीतून गळणार. मराठीत अ‍ॅप द्या ही मागणी कुणाच्या फायद्याची होती? पण संघटनेनेही सांगताना आधी मानधन, मग फोन, मग शेवटी मूल असं सांगितलं. उलट क्रमाने सांगितलं असतं तर मानधनालाही लोकांनी पाठिंबा दिला असता, असं मला वाटतं.

अवांतर: २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सगळ्या ५५ काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) शाळा संपात बंद होत्या. शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी संपकऱ्यांनीच जेवणाच्या पिशव्या भरून वाटायची व्यवस्था केली. बसचालक आणि स्वयंपाकीही संपात होते. शेवटी पाच टक्के वाढ मिळाली ती राज्याच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना. आपल्याकडे संपाच्या नोटिशीबरोबर 'त्या दिवसांत पोषण आहाराचं काय' असा एक परिच्छेद कुणी जोडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पाटीपुस्तक

चर्चा चांगली झाली, आता कामाचं बोलतो. आमच्या संघटनेत पालिका शाळांचे शिपाई, सफाई कामगार, लिपिक सगळे आहेत. नवं मागणीपत्र तयार होतंय. शाळांपुरत्या तीनच गोष्टी घालायचा विचार आहे. मंजूर आणि भरलेली पदं प्रत्येक शाळेच्या फलकावर लावायची. दर तीन महिन्यांनी इमारतीची पाहणी, त्यात संघटनेचा एक आणि व्यवस्थापन समितीतला एक पालक, नोंदवहीची पोच प्रभाग कार्यालयात. आणि फाटकावरचा माणूस पालिकेच्या हजेरीपटावरचा, ठेकेदाराचा नाही. मसुदा पालकांच्या एका बैठकीत वाचूनच द्यायचा. कार्यकारिणीत विरोध होणार हे दिसतंच आहे. 'बाहेरच्यांना कशाला आत घ्यायचं' हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

शाळेची_आई, तुमच्यासारख्या समितीतल्या लोकांनी मसुदा वाचला तर बरं होईल. इथेच टाकतो.

जुनाकारकून

टाका. फाटकाच्या कलमात वेळ लिहा. 'शाळेच्या वेळात' एवढंच लिहिलंत तर साडेदहा ते पाच धरतील. मुलं सव्वादहालाच येतात, आणि उशिरा न्यायला येणारे पालक साडेपाचपर्यंत येतात.

करदाता_एक

आणि तो माणूस रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हेही त्याच कलमात घाला. नाहीतर पुन्हा लिपिकच फाटकावर.

शाळेची_आई

मसुदा कधी टाकताय? आमच्या समितीची सभा पुढच्या शनिवारी आहे.